बोट येईपर्यंत

तवसाळच्या धक्क्यावर आम्ही आठ जण अडकलो.
शेवटची फेरीबोट पलीकडे जयगडला गाळात बसलेली,
भरती लागल्याशिवाय हलायची नाही, असं म्हणाला तिकीटवाला
आणि खिडकी लावून मोटरसायकलवर घरी जेवायला गेला.

नावं कुणी कुणाला विचारली नाहीत.
आयमानचं तेवढं कळलं, कारण फोनवर तिची आई
इतक्या मोठ्याने हाका मारत होती.
खेडला फार्मसी शिकते. तिनेच जर्नलचं पान फाडून
सात चिठ्ठ्या केल्या : पाच गावकरी, एक हवालदार, एक खुनी.
"गाव मी चालवते. रात्र म्हटलं की डोळे मिटायचे.
सकाळ म्हटलं की कुणाला फाशी द्यायची ते ठरवायचं."

माझ्या चिठ्ठीत खुनी निघाला.

मी मोजणी खात्यातला. बावीस वर्षं
सख्ख्या भावांच्या मधोमध उभा आहे.
बांध कुणी सरकवला ते नकाशाच्या आधी
मला आवाजात कळतं.
खोटं माझ्याकडे येतं, काका काका करत, शहाळं फोडून.
माझ्याकडून कधी कुणाकडे गेलं नव्हतं.

रात्र.
खांबावर एकच दिवा, त्याला किडे,
आणि दीपगृहाचा झोत
मिटलेल्या सहा चेहऱ्यांवरून सावकाश गेला.
परक्या माणसांचे मिटलेले डोळे
इतक्या जवळून मी कधी पाहिले नव्हते.
आयमानने भुवई उचलली : कोण?
मी बर्फाच्या कारखान्यातल्या माणसाकडे बोट केलं.
मघाशी थर्मासच्या झाकणातून त्यानेच मला अर्धा चहा दिला होता.
दुसऱ्या कुणाला मी ओळखतच नव्हतो.

सकाळ.
गाद्या पोचवायला निघालेला एक पोरगा बोलताना अडखळला.
"आईशप्पत, मी ग-गावकरी."
त्याची चिठ्ठी खरी होती, हे मला एकट्याला माहीत.
मी घसा साफ केला. हद्दीच्या दगडाजवळ बोलतो
त्या आवाजात म्हणालो, "शपथ कोण घेतं? ज्याला गरज असते तो."
पाच हात वर गेले. माझा सगळ्यांत आधी.
पोरगा उठून मेलेल्यांत जाऊन बसला,
बर्फवाल्याने त्याला उरलेला चहा दिला.

मग हवालदार. मग टोपीवाले एक मास्तर फासावर.
मग तो, जो सारखा "मला यातलं काही कळत नाही" म्हणायचा.
गावात उरलो मी
आणि मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा धरून बसलेली एक बाई.
"खुनी जिंकला," आयमान ओरडली. मेलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.
मला इतकं हसू आलं की ठसका लागला.
घरी कुणी मला असं पाहिलं नसेल.

बाई डब्याचं झाकण दाबत म्हणाली,
"मना पयल्याच राती कललं.
सकाल झाली तवा दिव्याखाली समद्यांचे डोले मिचकले.
तुजे नाय मिचकले."

मग बोलला का नाहीत?

"बोलले असते तर खेल सपला असता.
आन् बोट तर तिकडंच."

तेव्हा मी डब्याखालचा फोन पाहिला.
उपडा ठेवलेला. एवढा वेळ तिने तो
एकदाही उलटा केला नव्हता.
पलीकडे लेक दवाखान्यात, दुपारपासून कळा.
हे तिने मला सांगितलं नाही, बर्फवाल्याने सांगितलं,
बोटीचा भोंगा वाजल्यावर, पिशव्या उचलता उचलता.

खाडीच्या मध्यात फोन वाजला.
इंजिनाचा आवाज, गाद्यांच्या टेंपोवर फडफडणारी ताडपत्री.
ती कठड्याकडे तोंड करून उभी राहिली.
"हां," म्हणाली. "हां." आणि बराच वेळ काही नाही.
मग आमच्याकडे वळून : "बरा हाय समदा."

मी कान देऊन ऐकलं. बावीस वर्षांचा कान.
बोटीवरच्या दिव्याखाली तिचे डोळेही पाहिले.

कळलं नाही.
आयमानने तिच्या हातातला डबा घेतला, म्हणाली, "मी धरते,"
आणि फळी खाली टेकली.